पाठीवर न बसलेलं यान

“भोकं थोडी मोठी केली की बसेल. कितीसं काम आहे,” काका स्वयंपाकघरात आईला सांगत होते. बाबांच्या तेराव्याचे पाहुणे सकाळीच गेले होते आणि मी बाहेरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते.

विषय बाबांच्या लाकडी मॉडेलचा होता. माझ्या जुन्या शाळेने ते त्यांची आठवण म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी मागितलं होतं. आई हो म्हणाली होती.

बाबा सातपूरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचे. रविवारी मात्र अवकाशयानं. त्यातही त्यांना आवडायची ती फार जुनी, कागदावरच राहिलेली कल्पना: पंख असलेलं एक मोठं यान आणि त्याच्या पाठीवर पंखांचंच एक लहान. मोठ्याने लहानाला उंच नेऊन सोडायचं आणि विमानासारखं धावपट्टीवर परत यायचं. लहान अवकाशात जाऊन येणार, तेही तसंच उतरणार. पुस्तकांतल्या त्या चित्रांखालचं इंग्रजी मी त्यांना वाचून दाखवायचे.

“टाकून द्यायचं काहीच नाही, बघ,” ते दरवेळी म्हणायचे.

शेवटचं मॉडेल आम्ही दोघांनी केलं. मोठं यान त्यांनी, लहान मी. जोडायला गेलो तर माझ्या खुंट्या त्यांच्या भोकांत जाईनात. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच किंचित मोठी आखलेली असते. सवयीने बाबांनी तीच घेतली होती. मी माझी कंपासपेटीतली. त्यामुळे त्यांच्या भोकांमधलं अंतर माझ्या खुंट्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त झालं होतं.

“थांब, गार झालं की बसेल,” म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. पुढच्या रविवारी नीट करू, असं ठरलं. शुक्रवारी कारखान्यातून फोन आला.

काका कानस घेऊन बाहेर आले आणि मॉडेल मांडीवर घेऊन बसले. “शाळेत असं अर्धवट कसं द्यायचं? दादाचं नाव लागणारे त्याला.” त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी कानस पहिल्या भोकात घातली. थोडा भुसा त्यांच्या पँटवर पडला.

इतके दिवस मी सगळ्यांना नुसती मान हलवून उत्तर देत होते. आताही वाक्य आधी इंग्रजीतच सुचलं, बाबांना वाचून दाखवायचे तसलं; काकांना ते परकं वाटलं असतं. मी चादर खाली ठेवली.

“काका, नका घासू. जे चुकलंय ते बाबांचं आहे. मला तसंच हवंय.”