न लढता मिळालेला पट्टा

लोखंडी फाटके जोडणाऱ्या एका वेल्डरला सगळे ‘दुसरेराव’ म्हणत, कारण मुष्टियुद्धाच्या क्रमवारीत ते वर्षानुवर्षे दुसरे होते. पहिला त्यांच्याशी लढायचे टाळत राहिला. अखेर तो निवृत्त झाला आणि संघटनेने रिकामे विजेतेपद दुसरेरावांना परस्पर देऊन टाकले. विजेत्याचा पट्टा कुरियरने कारखान्यात आला.

“घे, बांध कमरेला,” त्यांची प्रशिक्षक असलेली थोरली बहीण म्हणाली. “नाक शाबूत ठेवून जिंकलेला तू पहिलाच!”

“ताई, थट्टा पुरे. मला लढत हवी होती. परत पाठवतो हा.”

“पाठव की. मग क्रमवारीतूनही काढतील, आणि तुझ्याशी लढायला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.”

पट्टा राहिला, पण खोक्यातच. संघटनेच्या नोंदींत ते त्या दिवशी विजेते झाले. स्वतः दुसरेराव ती तारीख मानत नाहीत.

पुढे त्यांनी आव्हानवीराशी लढत मागून घेतली आणि गुणांवर, अगदी थोडक्यात हरले. खोके रिंगणातच उघडून त्यांनी तो कोरा करकरीत पट्टा नव्या विजेत्याच्या कमरेला स्वतः बांधला.

“ताई,” खाली उतरताना ते म्हणाले, “फुटलं बघ नाक एकदाचं.”