चार एमबीची बैलगाडी

लोकांच्या पेनड्राइव्हकडे बघून नाक मुरडायची मला खोड आहे. परळला वडील ज्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मी कॉम्प्युटर सपोर्टला आहे. शिकलेसवरलेले साहेब कुठलीही डबडी आणून देतात. मी वेग मोजतो, तोंडावर हसतो.

चाळ पाडायची ठरली तेव्हा वडिलांच्या कॅसेटींचं खोकं बाहेर आलं. ते आमच्या चाळीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. ते गेल्यावर त्यांचा आवाज तेवढ्या खोक्यातच उरला होता. दादरच्या एका दुकानातून मी कॅसेटींच्या फाइल्स करून घेतल्या आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवल्या. बुरशी धरलेल्या कॅसेटी भंगारात द्यायला मीच लावल्या. मग लॅपटॉप परत करायची वेळ आली.

थोरल्या बहिणीचे यजमान शिवडीला गोदामात कारकून. त्यांनी खिशातून टोपण हरवलेला जुना पेनड्राइव्ह काढला. मी चाचणी लावली. लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम चार एमबी.

"दाजी, बैलगाडी आहे ही. जयंतीपर्यंत चालेल कॉपी."

"चालू दे की रे. कुणाला गाडी पकडायचीय?"

मी माझा काढला. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेला, चकचकीत, वर दोन टीबी छापलेलं. एक जीबीची फाइल टाकली, आकडे सरसर चढले. वाचायचा वेग तर त्याहून जास्त. मी स्क्रीन मुद्दाम दाजींकडे वळवली.

आई म्हणाली, "गाणी वाजतात का ते बघ ना आधी."

"वेग बघितलास ना? वाजणारच." हिला काय कळतंय, हे मी बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असणार. माझ्या पेनड्राइव्हवर गाणी कॉपी केली, लॅपटॉपमधलं सगळं स्वतःच्या हातानं पुसलं आणि तो जमा केला.

वडिलांच्या स्मृतिदिनाला ट्रान्झिट कॅम्पातल्या खोलीत सगळे जमले. पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. गाण्यांची नावं ओळीनं दिसली, पण एकामागून एक फाइल उघडेना. आत खरी जागा जेमतेम दीडेक जीबीची होती. बाकीचं त्यानं घेतल्यासारखं दाखवलं आणि फेकून दिलं. असला माल आधी काठोकाठ भरायचा आणि परत वाचून बघायचा, हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. दुकानातही फाइल्स उरल्या नव्हत्या. दाजी माझा पेनड्राइव्ह काढून, शर्टाला पुसून परत लावत राहिले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या कुठल्याही साहेबाला घातल्या नसतील.

सुरुवातीच्या एका कॅसेटची फाइल तेवढी वाजली. तालमीची. त्यात गाणं नाहीच. ढोलकी सुरात घेतायत, कुणीतरी खोकतंय, मग वडील माइकमध्ये म्हणतात, "हॅलो, हॅलो... मागं आवाज येतोय का?"

"येतोय," आई म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.