आए दिन म्हणजे किती वेळा

यार्डात रंजिताला सगळे ‘टीचर’ म्हणत. तिच्या ओळखपत्रावर मात्र ‘डेटा ऑपरेटर, कंत्राटी’ असं छापलेलं होतं आणि ते कार्ड गळ्यात घालून तिला सात वर्षं झाली होती. माहेर जासईचं, मिठागरात राबलेल्या आगरी घरातलं, सासर शिरढोण. पनवेलच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली घरातली ती पहिलीच. पळस्पे फाट्याच्या पुढं असलेल्या त्या कंटेनर यार्डात ती दिवसभर डब्यांचे, म्हणजे कंटेनरचे, नंबर कॉम्प्युटरवर भरायची आणि मंगळवारी-शुक्रवारी चार वाजता, शिफ्ट सुटल्यावर, कँटीनमध्ये मशीनवाल्यांना इंग्रजी शिकवायची. सुरक्षेची परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून कंपनीनंच हा वर्ग तिच्या गळ्यात मारला होता. पण तिला तो मनापासून आवडायचा.

मशीनवाले बहुतेक जौनपूर, मिर्झापूरकडचे. रंजिताची हिंदी म्हणजे ‘तुम लोग इधरच बैठो’ छापाची. ती बोलायला लागली की मागच्या बाकावर खसखस पिकायची, मग तीही हसायची. तिचं हिंदी ते सुधारायचे, त्यांचं इंग्रजी ती.

फेब्रुवारीत तिनं त्यांना ‘कितनी बार’वाले शब्द शिकवले. महिन्याचे तीस दिवस धरा, म्हणाली. तीसच्या तीस दिवस झालं तर ऑलवेज. पंचवीसेक दिवस झालं तर यूज्वली. पंधरा-सोळा दिवस, ऑफन. पाच-सहा दिवस, समटाइम्स. वर्षातून एखाद-दोनदा झालं तर रेअरली. आणि मुळीच नाही, तर नेव्हर. दूधनाथ नावाचा पंचेचाळिशीचा रीच स्टॅकर ऑपरेटर, कंटेनर उचलून एकावर एक रचणारं ते अजस्र मशीन चालवणारा, पहिल्याच दिवशी म्हणाला, “आय चेक ऑलवेज टायर.”

“आय ऑलवेज चेक,” रंजिता म्हणाली. “काम के शब्द से पहले बिठाओ. लेकिन इज-ॲम-आर आया, तो उसके बाद.”

दूधनाथनं वहीत लिहून घेतलं आणि हात वर केला. “मैडम, ‘आए दिन’ कहाँ बैठेगा?”

ते कुठे बसतं हे रंजिताला सांगता येईना. तिनं वर्गालाच विचारलं. कुणी म्हणालं समटाइम्स, कुणी म्हणालं यूज्वली. बराच वाद झाला. शेवटी दूधनाथच म्हणाला, “आए दिन मतलब इतना बार, कि आदमी तंग आ जाए.” मग सगळ्यांच्या मते ते ऑफनमध्ये बसलं.

एप्रिलमध्ये अपघात झाला. सकाळचे अकरा वाजले होते. प्रांजल नावाचा चेकर दोन रांगांच्या मधे उभा राहून डब्याचा नंबर टिपत होता. दूधनाथचं मशीन मागे आलं. मशीन मागे घेताना भोंगा वाजायला हवा. तो वाजला नाही. रंजितानं ऑफिसच्या खिडकीतून प्रांजलची किंकाळी ऐकली, आणि तिच्या आधी दूधनाथची. केबिनमधून उडी मारताना तो “रुको, रुको” असं ओरडत होता, जणू मशीन दुसराच कुणी चालवत होता. प्रांजलच्या डाव्या पावलाचा पुढचा भाग चाकाखाली चिरडला. दोन मुलींचा बाप तो. कामोठ्याच्या हॉस्पिटलात त्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

अपघाताचा फॉर्म रंजितानंच टाइप केला. ‘रिव्हर्सचा भोंगा किती वेळा बंद असतो?’ या रकान्यात तिनं ‘ऑफन’ लिहिलं. भोंग्याची वायर तुटते, दुरुस्तीला मशीन अर्धा दिवस उभं करावं लागतं, आणि गेटबाहेर ट्रेलरची रांग लागलेली असते, म्हणून ते तसंच चालवतात. हे यार्डात कुणाला ठाऊक नव्हतं? मॅनेजर कमलाकर साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाचलं.

“ऑफन नको, मॅडम. रेअरली करा.”

“सर, पण...”

“माझ्या वरही माणसं आहेत.” ते हळू बोलत, नेहमीच. “आणि जूनमध्ये तुमच्या पर्मनंटची फाइल जायची आहे. माझ्याच सहीनं.”

रंजितानं खोडलं आणि रेअरली टाइप केलं. सहा अक्षरांचा इंग्रजी शब्द, पण त्याचा अर्थ तिला घरी गेल्यावर भाकरी थापताना नीट कळला. भोंगा क्वचितच बिघडत असेल, तर त्या दिवशी बिघडला हे कोण मानणार? मग उरतो तो ऑपरेटरचा निष्काळजीपणा. अपघातापासून दूधनाथला मशीनवर बसू देत नव्हते. चौकशीचा निकाल विरुद्ध गेला, तर त्याचं लायसनही जाणार होतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. हरेशचा टेम्पो होता, पनवेलच्या मार्केटात भाजी पोचवायचा. तो जेवता जेवता थांबला. “तू कशाला मदी परतंस? सायबानी सांगलं तसा लिवलंस, झाला. तुजी नोकरी गेली तं तो मानूस येनार हाय का आपल्याकडं?”

“नाय येनार,” रंजिता म्हणाली. “पन त्यानं काय केलंय?”

हरेशनं ताट सरकवलं. पाणी प्यायला आणि उठला.

मे महिन्यात बातमी आली, की ज्या बड्या ग्राहकाचे डबे यार्डात येतात त्याची ऑडिटर येतेय. चेन्नईची बाई, हिंदीचा एक शब्द येत नाही. कामगारांशी ती स्वतः बोलणार आणि दुभाषी म्हणून रंजिता बसणार. कमलाकर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “शुक्रवारचा तुमचा वर्ग आहे ना? तेव्हा जरा तयारी करून घ्या. किती वेळा म्हणून विचारलं, की रेअरली म्हणायचं. एवढंच.”

शुक्रवारी वर्ग भरला. पंखा गरम हवा फेकत होता. रंजितानं फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं, “बाई भोंग्याचं पूछेगी तो रेअरली बोलने का.”

मागे वह्यांची पानं उलटली. मग दूधनाथचा आवाज आला. मशीनवर नसला तरी वर्गाला तो येतच होता. “मैडम, रेअरली तो आपने बताया था साल में एक-दो बार.”

“हां.”

“तो फिर?”

रंजितानं खडू खाली ठेवला. “आगे का पान खोलो,” ती म्हणाली आणि भूतकाळ शिकवायला लागली. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि तिच्या हिंदीत कुणी चूकही काढली नाही.

सोमवारी ऑडिटर आली. पन्नाशीची, केस आखूड कापलेली, बुटांवर यार्डाची धूळ बसलेली. आधी तासभर ती उन्हात एकटीच फिरून आली होती. मुलाखती काचेच्या केबिनमध्ये होत्या. मॅनेजरनं आत यायचं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पण कमलाकर साहेब काचेपलीकडे कूलरजवळ उभे होते, पाण्याचा ग्लास हातात धरून. त्यांना ऐकू येत नव्हतं. रंजिताला ते दिसत मात्र होते.

पहिले चार जण आले. दोघांनी रेअरली म्हटलं, दोघांनी मालूम नहीं. पाचवा दूधनाथ. तो खुर्चीच्या टोकावर बसला, हात मांड्यांखाली दाबून. बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या मशीनचा रिव्हर्सचा भोंगा किती वेळा बंद असायचा? रंजितानं हिंदीत सांगितलं.

दूधनाथ तिच्याकडे बघून म्हणाला, “आए दिन.”

बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. काचेपलीकडे कमलाकर साहेबांनी ग्लास तोंडाला लावला, पण पाणी प्यायले नाहीत. रंजिताला शब्द ठाऊक होता. तो कुठे बसतो यावर अख्खा वर्ग भांडला होता. रेअरली म्हणायला जीभ रेटेना, आणि ऑफन म्हणायला धीर होईना. तिनं मधलाच शब्द उचलला.

“समटाइम्स,” ती म्हणाली.

पेन चालायला लागलं.

“नो मैडम,” दूधनाथ म्हणाला.

पेन थांबलं. तो बाईंकडे वळला होता. त्याचे कान लाल झाले होते आणि एकेक शब्द तो जड पोतं उचलावं तसा उचलत होता. “नॉट समटाइम्स. अलार्म इज... इज ऑफन नॉट वर्किंग. आय ऑलवेज टेल सुपरवायझर. ही नेव्हर रिपेअर.” मग रंजिताकडे वळून, हिंदीत, अगदी खालच्या आवाजात, “आपही ने तो सिखाया था, मैडम.”

बाहेर कुठलंसं मशीन मागे जात होतं. त्याचा भोंगा वाजत होता. आज सगळ्यांचे वाजत होते. ऑडिटर बाईंनी चष्मा काढला आणि रंजिताला इंग्रजीत विचारलं, “तो काय म्हणाला होता? यातलं खरं कुठलं?”

रंजितानं काचेकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तरी पाहिलं. कमलाकर साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. आपलाही असाच दिसत असेल, असं तिला वाटलं.

“ऑफन,” ती म्हणाली. “तो ऑफन म्हणाला. मी बदललं.” आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. “अपघाताच्या फॉर्मवरही मी आधी ऑफनच लिहिलं होतं. मला रेअरली करायला सांगितलं. मी केलं.”

“कोणी सांगितलं?”

तिनं नाव सांगितलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ग्राहकानं अकरा दिवस डबे पाठवायचे थांबवले. यार्ड ओस पडलं, रोजंदारीवाले घरी बसले आणि त्यातल्या काहींनी रंजिताशी बोलणं टाकलं. पाचही मशीनला नवे भोंगे बसले, वायरी लोखंडी नळीतून नेल्या, आणि भोंगा बंद असेल तर मशीन सुरूच होणार नाही अशी सोय झाली. कमलाकर साहेबांची बदली झाली. जायच्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “आधी मला सांगायचं होतंत, की तुम्हाला जमणार नाही,” ते म्हणाले.

“धीर झाला नाही, सर.”

“मलाही झाला नाही,” ते म्हणाले आणि गेले.

तिची पर्मनंटची फाइल जूनमध्ये गेली नाही. ऑफिसातून तिला गेटवर हलवलं, उन्हातल्या पत्र्याच्या खोपटात, ट्रेलरची नोंद घ्यायला. इंग्रजीचा वर्ग बंद झाला. प्रांजल ऑगस्टमध्ये कामावर आला, कुबडी घेऊन, रेकॉर्ड रूममध्ये. दूधनाथचं लायसन वाचलं. पण या यार्डात परत मशीनवर बसायला त्यानं नकार दिला आणि कंत्राटदारानं त्याला जासईकडच्या दुसऱ्या यार्डात लावलं.

एका रविवारी माहेरी आलेली रंजिता स्कूटर घेऊन तिकडे गेली. दूधनाथ शिफ्टच्या आधी चहाच्या टपरीवर बसला होता. तिला पाहून उठला, बाक पुसून दिला.

“माफी मांगने आई हूं,” ती म्हणाली.

त्यानं लगेच ‘अरे नहीं नहीं’ केलं नाही. चहा सांगितला. तो आल्यावर म्हणाला, “मैडम, जब आप समटाइम्स बोलीं, मेरा हाथ-पैर ठंडा पड़ गया. मैंने सोचा, अब कौन बोलेगा मेरे लिए? बहुत दिन तक गुस्सा था. अभी भी थोड़ा है.”

“हां,” रंजिता म्हणाली.

“फॉर्म वाली बात आपने अपने मुंह से बोली. वो भी याद है.” त्यानं घड्याळ पाहिलं. “प्रांजल कैसा है?”

ती प्रांजलबद्दल सांगत राहिली. चालताना पाय कसा टाकतो, धाकटी मुलगी बालवाडीत जायला लागली. दूधनाथ मान खाली घालून ऐकत होता. चहाचे पैसे त्यानं तिला देऊ दिले नाहीत. हेल्मेट डोक्यावर ठेवून तो गेटातून आत गेला.

ती शिरढोणला पोचली तेव्हा हरेश ओट्यावर टेम्पोचं टायर बघत बसला होता. “भेटला का तो?”

“भेटला.”

“काय बोलला?”

रंजितानं ओढणी सोडली, घाम पुसला. “राग हाय अजून थोरा, बोलला,” ती म्हणाली. “बरोबर बोलला.” आणि हात धुवायला ती मोरीकडे गेली.