फिकट घोड्यावरची जागा

तराजूमावशींना गप्प बसणं मुळातच जमायचं नाही. एखादा प्रश्न पडला की तो कुणाला तरी विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उभा जन्म धान्याच्या दुकानात तराजू धरण्यात गेला, म्हणून हे नाव. आणि चर्चमध्ये त्या मोठ्यांच्या वर्गाला बायबलचं शेवटचं पुस्तक शिकवायच्या, तेसुद्धा या तराजूपायीच.

झालं असं, की दुकानात नव्याने लागल्या तेव्हा एका रविवारी पाळकांनी शेवटच्या काळातल्या चार घोडेस्वारांवर प्रवचन दिलं. पांढऱ्या घोड्यावरच्याकडे धनुष्य, तांबड्यावरच्याकडे तलवार, काळ्यावरच्याच्या हातात तराजू, आणि फिकट घोड्यावर साक्षात मरण. बाकीची मंडळी अंग चोरून बसली होती. मावशींना मात्र वाटलं, तराजू? त्यात घाबरायचं काय? बाहेर पडताना त्यांनी पाळकांना तसं विचारलंच. पाळक हसून म्हणाले, "तुम्हीच शोधा आणि आम्हाला सांगा." ते विनोदाने म्हणाले असतील, पण मावशींनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून पाळक बदलत गेले, मावशींचे प्रश्न तसेच राहिले. पांढऱ्या घोड्यावरचा स्वार कोण? कुणी म्हणे स्वतः प्रभू, कुणी म्हणे त्याचा आव आणणारा भामटा. मावशी विचारायच्या, "हातात धनुष्य आहे, पण बाणाचं नावच नाही. हा लढायला निघालाय की मिरवायला?" नवा पाळक डोकं खाजवायचा आणि चहा मागवायचा.

अशा या मावशींनी एका रविवारी फिकट घोडा शिकवायला घेतला. त्या म्हणाल्या, "फिकट म्हणजे पांढुरका नव्हे हं. मूळ भाषेतला शब्द हिरवट आहे. सुकत चाललेल्या गवताचा, आजारी माणसाच्या चेहऱ्यावर येतो तो रंग." मावशी स्वतःवरच खूश होऊन घरी आल्या.

आता त्यांचा मुलगा. त्याने कारखान्यातली नोकरी सोडून एक जुनं मेरी-गो-राउंड विकत घेतलं होतं आणि बागेच्या फाटकाजवळ मांडलं होतं. घोडे त्याने स्वतःच रंगवले. एक पांढरा, एक तांबडा, एक काळा. शेवटच्या घोड्याला रंग पुरेना, तेव्हा डब्यांच्या तळाशी उरलेला हिरवा, पिवळा आणि पांढरा एकत्र कालवून त्याने वेळ भागवली. चर्चमध्ये हा कायम मागच्या बाकावर पेंगणारा. आपण काय रंगवून ठेवलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सोमवारी वर्गातली एक बाई मुलीला घेऊन बागेत आली. ओळीने उभे चार घोडे पाहून तिचा चेहरा उतरला. मुलीचा पाय त्या हिरवट घोड्याच्या रिकिबीत होता. "उतर आधी!" ती ओरडली. दोन दिवसांत ही बातमी सगळीकडे झाली. आधी तो एक घोडा रिकामा फिरायला लागला, मग सगळेच.

"आई, तुझ्या घोड्यांनी माझे घोडे उपाशी मारले," मुलगा जेवताना म्हणाला. "लोकांना सांग ना, ते सगळं खोटं आहे म्हणून."

"खोटं कसं म्हणू? माझा विश्वास आहे त्याच्यावर."

"मग मी रंग बदलतो."

"बदल. म्हणजे म्हणतील, मरण वेश बदलून बसलंय."

तो ताटावरून उठून गेला. मावशींना फार वाईट वाटलं. आपल्या जिभेची अशी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुपारी त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. आजवर त्यांनी घोड्यांचे रंग पाहिले होते, आज वाक्यं पाहिली. पांढऱ्यावरच्याला मुकुट दिला गेला. तलवार दिली गेली. मरणालासुद्धा अधिकार दिला गेला. त्या थबकल्या. दुकानातला तराजू तरी त्यांचा स्वतःचा कुठे होता? दिवसभर गिऱ्हाइकं त्यांच्या हाताकडे धास्तीने बघायची. संध्याकाळी तराजू खुंटीला लावून त्या रिकाम्या हाताने घरी यायच्या.

"अरे, हे तर सगळे पगारी आहेत की!" त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्या बागेत गेल्या आणि सरळ हिरवट घोड्याकडे वळल्या. चढताना गुडघे कुरकुरले. "अगं आई, काय करतेस?" मुलगा धावत आला.

"तिकीट मागू नकोस. चालू कर."

भीती मावशींनाही वाटत होतीच. लिहिलेलं खरं मानणारी बाई ती, आणि वयही झालेलं. तेवढ्यात वर्गातली ती बाई मुलीचा हात घट्ट धरून जवळ आली. "मावशी, यावर कोण बसतं ते तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण घोडा त्याचा नाही गं, त्याला नुसता दिलाय. आणि हा तर माझ्या लेकाचा. मी बसलेय तोवर मरणाला इथे जागा कुठाय?"

चक्र फिरायला लागलं. मावशींनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मुलगी मान वळवून वळवून बघत राहिली, काहीतरी मनाशी जुळवत असल्यासारखी. चक्र थांबलं, मावशींनी उतरायला पाय काढला, आणि मुलगी आईचा हात सोडवून पळत सुटली.

"आजी, थांबा! मी चढेपर्यंत उतरू नका. जागा रिकामी ठेवायची नाही!"