काकापोची दुपारची झोप

अमेरिकेत श्रूजबरीला मी मुलाकडे राहते. दुपारचं जेवण झालं की हॉलमधल्या सोफ्यावर तासभर आडवं व्हायचं, ही माझी जुनी सवय. पण मुलाचं ऑफिस घरून, तेही हॉलमध्येच. मीटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात माझे पाय दिसतात म्हणे. म्हणून माझी झोप बेसमेंटमध्ये हलवली. "आई, खाली किती शांत आहे बघा," सून म्हणाली. स्वतः खाली जाताना मात्र ती स्वेटर घालते.

त्याच आठवड्यात नातीला शाळेचा प्रोजेक्ट मिळाला. न्यूझीलंडचा काकापो. जाडजूड हिरवा पोपट, उडता येत नाही, रात्री हिंडतो, दिवसा झोपतो. जगात थोडेच उरलेत बिचारे. आता आमच्या लोकांत प्रोजेक्ट मिळतो मुलांना आणि करतात आईबाप. दोघे इंजिनियर मीटिंगा कॅन्सल करून डायनिंग टेबलावर जंगल उभारायला बसले. खोक्यात शेवाळ झालं, नेचे झाले, झाडाची ढोली झाली. आणि पोपट चिकटवला भर मधोमध, वर दिवा.

मी म्हटलं, "अरे, दिवसा झोपतो ना तो? मग असा उजेडात?"

सून म्हणाली, "लपवला तर टीचरला दिसणार कसा? मार्क्स जातील, आई."

मुलगा तिकडे लेकीला समजावत होता. "वर्गात बोलताना हे विसरू नकोस. दिवसा कुठे झोपायचं ते तो स्वतः ठरवतो. कधी नेच्यांखाली, कधी ढोलीत, कधी झाडावर चढून. आडोसा लागतो, कोरडं लागतं. त्याला उगाच हलवायचं नाही, स्ट्रेस येतो."

मी समोर बसून मेथी निवडत होते. म्हटलं, "पोपटाचं एवढं कळतं तुला, मग मला ओलसर बेसमेंटमध्ये का ढकललंस?"

"आई, तुझं वेगळं आहे."

"वेगळंच. तो दुर्मिळ, मी नुसती म्हातारी."

नात खोक्यातून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, शी हॅज अ पॉइंट."

"मग मी मीटिंग कुठे घेऊ?"

"खाली घे की," मी म्हटलं. "शांत आहे म्हणतात."

सून एकदम नेचे चिकटवायला लागली.

सोमवारी लॅपटॉप खाली गेला. तिथल्या ओलीने मुलगा मीटिंगभर शिंकत असतो, असं सून सांगते. मला काही ऐकू आलेलं नाही. त्या वेळी मी सोफ्यावर झोपलेली असते.