रविवारचं गाणं

दर रविवारी सकाळी मी कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर एक गाणं पाठवतो. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, अशांचंच. औंधकडचा एक गोंधळी, सांगलीच्या पोरांचा एक रॉक बँड. त्या बँडच्या गाण्यात गिटारच्या जोडीला संबळ वाजतो आणि गायक असा काही ओरडतो की अंगावर काटा येतो. सोबत मी चार ओळी लिहितो, नेमका कुठं कान द्यायचा ते सांगतो. उत्तरादाखल जोडलेले हात येतात, नाहीतर अंगठा. सहा मिनिटांचं गाणं आणि अंगठा लगेच! अरे, ऐकलंत तरी का?

कुंडलच्या घरात मी एकटाच असतो. बायको गेल्यापासून आवाज कमी करा म्हणणारंही कुणी नाही.

यंदा आमचा ऊस कारखान्याला नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मी माझी गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. त्याच्या ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर आणि दिवसभर तोच तो धांगडधिंगा. "बघू की," म्हणत त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला.

आठवड्याभरानं रस्त्याकडून तो संबळ ऐकू आला. हातातला चहा तसाच ठेवून मी अनवाणी पळालो, हात करून ट्रॅक्टर थांबवला.

"आवडलं का रं?"

"लय कामाचं हाय, काका," तो म्हणाला. "हॉर्न बिघडलाय. ह्ये लावलं की मानसं आपसूक बाजूला व्हत्यात."

ते मला ग्रुपवरून आधीच ठाऊक होतं.