धोंडाबाईला काय आवडतं

गेनबातात्याला वाट विचारली तर तो गावांची नावं सांगत न्हाई, चवी सांगतो. त्या तिखटजाळ रश्श्याच्या गावावरनं डावीकडं वळा, म्होरं पातळ पिठल्याचं गाव लागंल, त्याच्या वरच्या अंगाला तुमचं गाव. ऐकणारा हसतो, पण वाट चुकत न्हाई.

आमचं गाव वेल्ह्याच्या खोऱ्यातलं. भाताची लावणी उरकली की तात्या गायब. कापणी झाली की गायब. आणि चैत लागला की मग बोलायलाच नको. चैतात हितल्या गावागावांत जत्रा, आणि जत्रेच्या दिशी दारात आलेल्याला तू कोण म्हणून कुणी पुसत न्हाई, ताट वाढतात. या एका रीतीवर तात्यानं जन्म काढला. बोकडाच्या रश्श्यासाठी डोंगर ओलांडले. मढे घाटानं कोकणात उतरला आणि सुकट खाऊन तसाच माघारी चढला. भाटघरच्या पाण्यातला मासा आणि पानशेतच्या पाण्यातला मासा चवीला एक न्हाई, एवढ्यावरनं सख्ख्या साडूशी अबोला धरला. पोरं म्हणायची, तात्याला पोट न्हाई, येष्टीचा डेपो हाय.

धोंडाबाई त्याची बायको. ती कुठं गेली न्हाई. जनावरं कोण बघणार? तात्या घरी आला की चुलीम्होरं बसून तिला सांगायचा, अमक्या गावात वाटणात खोबरं जाळून घालतात, तमक्या गावात तीळ. ती तसं करायची. तात्या घास घ्यायचा, डोळं मिटायचा आणि म्हणायचा, जवळ आलंय, पर ते न्हाई. मग ती पुन्यांदा करायची.

औंदा शिमगा झाला आणि तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यातनं घरी सोडताना डॉक्टरनं सांगितलं, म्हातारीला गिळता येतंय, तोंडानंच खाऊ घाला. खाल्लं न्हाई तर नाकातनं नळी घालावी लागंल, आणि या वयात ती कितपत सोसंल ते सांगता यायचं न्हाई.

काही दिवस पेज गेली. मग एक दिवस तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. सून अश्विनी चमचा घेऊन बसायची, म्हातारी भिंतीकडं बघायची.

तात्याला वाटलं, हे तर आपलंच काम. घरच्या पेजेला चव न्हाई, म्हणून खात नसंल. त्यानं डबा घेतला आणि निघाला. पानशेतच्या हाटेलातनं पिठलं आणलं, भाटघरला ओळखीच्या घरनं माशाचं पातळ कालवण, एका जत्रेतनं गुळाची लापशी. भोरच्या स्टँडवर येष्टी चुकली तर टेम्पोत बसून आला, डबा मांडीवर धरून. प्रत्येक डबा उघडला की खोलीभर वास सुटायचा. धोंडाबाई मान फिरवायची.

शेवटाला अश्विनीनं विचारलं, "मामा, आत्यांना काय आवडतं?"

तात्यानं तोंड उघडलं. सगळ्या तालुक्याची चव त्या जिभेवर, आणि त्याच जिभेवर उत्तर येईना. समदंच आवडतं तिला, असं कायसं पुटपुटला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

तिथं बसून त्याच्या ध्यानात आलं की धोंडाबाईला जेवताना त्यानं कधी बघितलंच न्हाई. आमच्याकडं बाप्यांची पंगत उठली, पोरं जेवली, की बाया मागनं चुलीपाशी बसतात, दाराकडं पाठ करून. तवर बाप्या पान खाऊन आडवा झालेला असतो.

त्यानं शहरात कामाला असलेल्या लेकाला, सोमनाथला, मोबाईल लावला. तो म्हणाला, आईनं आम्हाला वाढल्यालं आठवतंय, खाल्ल्यालं न्हाई. मग तात्या तिच्या माहेरी गेला. तिचा भाऊ गोरख म्हणाला, दाजी, ती परकरात होती तवाच तुमच्याकडं दिली, आवडीनिवडी असायचं वय तरी होतं का?

मग उरली शेजारची बनाबाई. धोंडाबाईच्या बरोबरीची, जिभेनं फटकळ. तात्या दारात उभा राहिला तशी ती म्हणाली, आज हिकडं कुठली जत्रा? तात्यानं मान खाली घालून विचारलं.

बनाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. "खरवड खायाची ती. भाताच्या पातेल्याच्या बुडाची. तेवढं मला म्हाईत."

"म्हंजी, आवडायची तिला?"

"उरायची," बनाबाई म्हणाली.

तरीबी तात्या घरी आला आणि सुनेला म्हणाला, भात लागू दे बुडाला. अश्विनीनं मुद्दाम जाळ वाढवला. तांबूस खरवड निघाली ती दुधात भिजवून मऊ केली आणि वाटी तात्याच्या हातात दिली. सकाळी सोमनाथ गाडी घेऊन यायचा होता, आईला नळी घालायला दवाखान्यात न्यायला. एवढा एकच घास उरला होता मधे.

तात्यानं चमचा म्होरं केला. धोंडाबाईनं वाटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिचा डावा हात हलला. तिनं वाटीला बोटं लावली आणि वाटी त्याच्याकडं सरकवली.

अश्विनी हळूच म्हणाली, तुमी आधी खा मामा, तुमी जेवल्याबिगर त्या कधी जेवल्यात का? तात्याला पटलं. त्यानं एक चमचा खाल्ला, तिला दाखवून गिळला आणि दुसरा तिच्या ओठाशी नेला. तिनं पुन्यांदा वाटी सरकवली. त्यानं आणखी एक खाल्ला. "आता तू घे की गं," तो म्हणाला. ओठ उघडलं न्हाईत. हात मात्र वाटीवरच होता, आणि वाटीत काय उरलंय ते ती मान वाकवून बघत होती.

असं करता करता वाटी रिकामी झाली. तशी धोंडाबाईनं हात मागं घेतला आणि डोळं मिटलं, जेवणं उरकल्यावर बाई निवांत होते तशी.

तात्या रिकामी वाटी धरून बसला. अश्विनी रडत होती. खरवड खमंग झाली होती, आणि त्याच्या जिभेला ती लागली होती.